दोन हजार पाच यार्ड

टीव्हीवर पहिल्यांदा ती साखळी दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेलो. खरीखुरी साखळी होती. दोन टोकांना दोन उंच काठ्या, मध्ये साखळी, आणि ती धरून मैदानाच्या कडेने धावत आत येणारी माणसं. धिप्पाड खेळाडू बाजूला सरले. मागची काठी टेकली, साखळी ताणली गेली, पंच वाकला आणि भरलेलं स्टेडियम पुढच्या काठीकडे टक लावून बघत राहिलं. चेंडूचं निमुळतं टोक काठीच्या चार बोटं अलीकडे होतं. तेवढ्या चार बोटांनी अख्खा डाव फिरला.

माझी हयात जमीन मोजण्यात गेली. शंकू आणि साखळी घेऊन बांधावर उभं राहायचं, साखळी ओढणाऱ्याला हाताने डावीकडे-उजवीकडे घ्यायचं, खुणा करायच्या, नकाशाशी ताडून बघायचं. तेहतीस फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. टीव्हीवरची साखळी दहा यार्डांची, म्हणजे तीस फुटांची. आमच्यापेक्षा तीनच फूट आखूड. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाचा सर्वांत लोकप्रिय खेळ २०२४ मध्येही साखळीने मोजला जात होता, याचं त्या दिवशी मला जे नवल वाटलं, ते पुढचे सगळे महिने ओसरलं नाही. २०२४ च्या सप्टेंबरात मी भाचीकडे फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहायला गेलो होतो. तिचा मुलगा तेव्हा नववीत. त्याने मला हा खेळ शिकवला, आणि त्या खेळातला एक माणूस दाखवला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम पळण्याचं. चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर नवे चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांना जातो. नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, पण हा एक नियम कळला की खेळ दिसायला लागतो. पुढे सरकायचे दोनच मार्ग. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा आणि पुढे पळालेल्याने झेलायचा, किंवा चेंडू कुशीत घेऊन कुणीतरी सरळ समोरच्या गर्दीत शिरायचं. हा शिरणारा म्हणजे रनिंग बॅक.

मोजणीच्या बाबतीत एक गोष्ट मी लगेच टिपली. चेंडू जिथे थांबला ती जागा पंच डोळ्यांनी ठरवतो. अंगावर चार-पाच माणसं पडलेली, चेंडू कुठेतरी तळाशी. पंच धावत येतो आणि अंदाजाने पाय रोवतो. तिथून पुढे मात्र त्या हंगामात साखळी इंचाइंचाने लावली जायची. शिवाय धावेची नोंद पूर्ण यार्डांत होते, अर्धा-पाव यार्ड वहीत चढत नाही. म्हणजे एखाद्या खेळाडूच्या नावापुढे हंगामाअखेर जो आकडा येतो, तो शेकडो डोळेमोजणींची बेरीज असतो. तरी त्या आकड्यावर हा देश जीव टाकतो.

आणि त्या वर्षी सगळ्यांचे डोळे एका आकड्यावर खिळले होते. फिलाडेल्फिया ईगल्सचा २६ नंबरचा रनिंग बॅक, सेक्वॉन बार्कली.

रनिंग बॅकच्या कामासारखं झिजवणारं काम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलं नाही. प्रत्येक धावेच्या शेवटी त्याला पाडलं जातं. पाडणारे शंभर-सव्वाशे किलोचे असतात आणि वेगात येतात. म्हणून सत्ताविशी उलटली की संघांचे हिशेबनीस त्याच्याकडे संशयाने बघू लागतात. मोबदल्यातही हा फरक दिसतो. बार्कलीने मार्च २०२४ मध्ये ईगल्सशी तीन वर्षांचा करार केला तो ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरचा. त्याच सप्टेंबरात डलास काउबॉइजने त्यांच्या क्वार्टरबॅकला, डॅक प्रेस्कॉटला, एका वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलर कबूल केले. एकाची तीन वर्षं दुसऱ्याच्या एका वर्षाला पुरत नाहीत.

बार्कली मूळचा याच राज्यातला. जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, पण वाढला पेनसिल्व्हेनियाच्या लीहाय व्हॅलीत आणि शिकला पेन स्टेट विद्यापीठात. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याला नवोदितांच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर उचललं. पहिल्याच वर्षी त्याने १३०७ यार्ड धाव घेतली. मग २०२० च्या सप्टेंबरात, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तो परत उभा राहिला, २०२२ मध्ये १३१२ यार्डांपर्यंत पोचला. पण दीर्घ करार काही जमला नाही. २०२३ साली त्याला एका वर्षाच्या बोलीवर अडकवून ठेवण्यात आलं, आणि त्या वर्षी तो १४ सामन्यांत ९६२ यार्डांवर थांबला. त्यानंतर जायंट्सने हात आखडता घेतला. करारांच्या वाटाघाटी चालू असताना त्यांच्या कचेरीत कॅमेरे होते, आणि ते चित्रण पुढे साऱ्या देशाने पाहिलं. मालक जॉन मॅरा आपल्या व्यवस्थापकाला सांगताना दिसतात की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण होईल. तो फिलाडेल्फियालाच आला.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही शेजारची शहरं आणि त्यांचं फुटबॉलचं हाडवैर जुनं. भाची म्हणाली, "मामा, इथे कुणी काही बोलायला लागलं आणि तुम्हाला कळलं नाही, तर नुसतं 'गो बर्ड्स' म्हणा." खरंच तसं होतं. दुकानात पैसे देताना, दवाखान्यातून निघताना, लिफ्टमध्ये, लोक निरोप घेताना 'गो बर्ड्स' म्हणत. शुक्रवारी शाळेतले शिक्षक हिरवे शर्ट घालून येत. गिरिजाघराच्या पाटीवर संघाला शुभेच्छा लिहिलेल्या मी वाचल्या. ज्या शहरात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, त्या शहरात त्या वर्षी सर्वांत जास्त दिसलेला आकडा १७७६ नव्हता, २६ होता.

हंगाम सुरू झाला तोच मुळी परदेशात. ६ सप्टेंबरला ब्राझीलच्या साओ पावलो शहरात, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या दक्षिण अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या सामन्यात, बार्कलीने नव्या संघासाठी तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. दहा दिवसांनी घरच्या मैदानावर अटलांटाविरुद्ध त्याच्याच हातून सामना गेला. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता, एक सोपा झेल घेतला असता तर जिंकल्यातच जमा होतं, आणि चेंडू त्याच्या हातातून निसटला. ईगल्स २१-२२ असे हरले. मला अजून आठवतं, त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. त्याने मात्र कॅमेऱ्यांसमोर येऊन दोष सरळ आपल्या अंगावर घेतला. पुढच्या रविवारी न्यू ऑर्लिन्समध्ये तो १४७ यार्ड धावला आणि संघ १५-१२ जिंकला.

मग २० ऑक्टोबर. जुन्या मालकाच्या अंगणात, जायंट्सच्या मैदानावर, पहिल्यांदाच पाहुणा म्हणून. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने १७ धावांत १७६ यार्ड काढले आणि ईगल्स २८-३ असे जिंकले. एका सामन्यातली त्याची आजवरची सर्वांत मोठी कामगिरी १८९ यार्डांची होती. अजून चौदा यार्डांत ती मागे पडली असती. प्रशिक्षक निक सिरियानी यांनी त्याला परत मैदानात जाण्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, नको, आता धाकट्यांना खेळू द्या. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली होती. जानेवारीत तिचा अर्थ कळणार होता.

३ नोव्हेंबरला भाऊबीज रविवारी आली. आजूबाजूची चार-पाच मराठी घरं भाचीकडे जमली होती. ओवाळणी, फराळ, गप्पा, आणि दिवाणखान्यात जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्धचा सामना. मी चकली तोंडात धरून बसलो असताना बार्कलीने एक छोटा पास झेलला. एकाला त्याने जागच्या जागी हुलकावणी दिली. दुसरा अंगावर येताच तो टाचेवर गरकन फिरला. फिरण्यामुळे त्याची पाठ आता पुढच्या दिशेला आली होती, आणि त्याच क्षणी मागून जॅरियन जोन्स नावाचा बचावपटू खाली वाकून त्याच्या पायांवर झेपावला. बार्कलीने त्याच्याकडे बघितलंही नाही. पाठमोराच, दोन्ही पायांवर उसळी घेऊन तो त्याच्या डोक्यावरून मागच्या मागे उडाला, पलीकडे पायांवर उतरला आणि आणखी थोडा पुढे गेल्यावर पडला.

खोलीत एक क्षण कुणी बोललं नाही. मग सगळेच एकदम ओरडले. पोरगा माझा दंड धरून हलवत होता, "आजोबा, पाहिलंत ना? पाहिलंत ना?" पाहिलं होतं, पण जे पाहिलं त्यावर विश्वास बसायला ते चार वेळा पुन्हा दाखवावं लागलं. सावकाश गतीत कळतं की उडी मारायच्या आधी त्याने मान किंचित वळवली होती, इतकी किंचित की तिला बघणं म्हणणं धाडसाचं ठरावं. पाठीमागे कोण किती वाकलंय हे त्याला कशावरून कळलं? पावलांच्या आवाजावरून की नुसत्या सवयीने, कोण जाणे. सिरियानी यांनी सामन्यानंतर सांगितलं की असा खेळ आपण आजवर पाहिलेला नाही. ज्या माणसाचं सारं आयुष्य या खेळात गेलं, त्यानेच असं म्हटल्यावर माझ्यासारख्याने काय म्हणावं! पुढच्या वर्षी 'मॅडन' या प्रसिद्ध व्हिडिओ गेमच्या वेष्टनावर हीच पाठमोरी उडी आली.

पण ती उडी बघून बार्कली कळत नाही, हे मला त्या पोराने शिकवलं. तो म्हणाला, "आजोबा, चेंडूकडे बघू नका. पुढच्या पाच जणांकडे बघा." चेंडू सुटण्याआधी क्वार्टरबॅकच्या पुढ्यात पाच दांडगी माणसं रांगेत वाकून उभी असतात. आक्रमणाची पहिली फळी. त्यांना सहसा चेंडूला हात लावता येत नाही, त्यांच्या नावापुढे यार्ड चढत नाहीत. समोरच्याला ढकलायचं आणि मागून येणाऱ्याला वाट काढून द्यायची, एवढंच त्यांचं काम. त्या वर्षीची ईगल्सची फळी बघण्यासारखी होती. डाव्या टोकाला जॉर्डन मायलाटा, सहा फूट आठ इंच उंच, वजन दीडशे किलोच्या वर. हा ऑस्ट्रेलियाचा, सिडनीजवळ वाढलेला, रग्बी खेळणारा पोरगा. २०१८ मध्ये ईगल्सने त्याला शेवटच्या फेरीत निवडलं तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. उजव्या टोकाला लेन जॉन्सन, जो तरुणपणी चक्क क्वार्टरबॅक होता. मधोमध कॅम जर्गन्स. त्याच्या जागी वर्षानुवर्षं खेळलेला जेसन केल्सी त्याच वसंतात निवृत्त झाला होता आणि शहराला काळजी पडली होती. जर्गन्सच्या एका बाजूला लँडन डिकरसन. दुसऱ्या बाजूला मेकाय बेक्टन, न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाने, जेट्सने, पहिल्या फेरीत निवडलेला आणि दुखापतींनी मागे पडलेला. इथे त्याला जागा बदलून नव्याने उभं केलं. या सगळ्यांचा गुरू जेफ स्टाउटलंड २०१३ पासून हीच फळी घडवत होता.

एकदा त्यांच्याकडे बघायला लागलो आणि खेळच बदलला. चेंडू सुटला की डावीकडचे दोघे एकाच माणसावर तुटून पडतात, त्याला दोन पावलं मागे रेटतात, मग त्यांतला एक त्याला सोडून पुढच्या माणसावर जातो. या सगळ्याला दोन सेकंदही लागत नाहीत. बार्कली तेवढा वेळ जवळजवळ चालतो. लहान पावलं टाकत, फळीच्या मागे सरकत, वाट उघडायची वाट बघत. आणि दोघांच्या मध्ये हात-दीड हात जागा दिसली की तो तिथे नाहीसाच होतो. दिसतो तो पलीकडे, मोकळ्या मैदानात, आणि तोवर त्याच्या मागे धावण्यात काही अर्थ उरलेला नसतो.

२४ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध त्याने हे दोनदा केलं, एकदा ७० यार्ड आणि एकदा ७२. त्या रात्री एकूण २६ धावांत २५५ यार्ड. ईगल्सच्या इतिहासात एका सामन्यात एवढं कुणी धावलं नव्हतं. लेशॉन मकॉयचा २१७ यार्डांचा विक्रम २०१३ पासून होता. सामना संपला तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र होत आली होती. सकाळी शाळा असूनही पोराला कुणी झोपायला पाठवलं नाही.

त्यानंतर घराघरांत बेरजा सुरू झाल्या. एका हंगामात दोन हजार यार्ड ओलांडणारे तोवर आठच झाले होते. १९७३ मध्ये ओ. जे. सिम्पसनने २००३ यार्ड काढले, तेही तेव्हाच्या चौदाच सामन्यांत. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या एरिक डिकर्सनने २१०५. त्यानंतर बॅरी सँडर्स, टेरेल डेव्हिस, जमाल लुइस, क्रिस जॉन्सन, अ‍ॅड्रियन पीटरसन आणि २०२० मध्ये डेरिक हेन्री. २१०५ ला कुणी हात लावू शकलं नव्हतं. पीटरसन आठ यार्डांनी चुकला होता. चाळीस वर्षं जुना आकडा. डिकर्सन स्वतः मोकळेपणी सांगत होता की तो मोडला जाऊ नये असंच आपल्याला वाटतं, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडला.

२९ डिसेंबरला भाचेजावयांनी तिकिटं मिळवली. सिटी हॉलपासून ब्रॉड स्ट्रीटची भुयारी गाडी धरली, दक्षिणेचं शेवटचं स्टेशन. डब्यात मुंगी शिरायला जागा नव्हती आणि सगळे हिरवे. कुणीतरी 'ई' म्हणायचा अवकाश, सबंध डबा संघाच्या नावाचं एकेक अक्षर ओरडून पुरं करी. बाहेर पडलो तर वाहनतळावर एकरच्या एकर माणसं. गाड्यांच्या डिक्या उघड्या, शेगड्या पेटलेल्या, मांस भाजलं जातंय, आणि अनोळखी माणसं बोलावून हातात ताटली देतायत. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर एका आजीबाईंनी मला भाजलेलं मक्याचं कणीस दिलं. त्यांच्या अंगात जुन्या काळच्या हिरव्या रंगाचा सदरा होता आणि पाठीवर २६.

डलास काउबॉइज म्हणजे फिलाडेल्फियाचे पूर्वापार वैरी. सामना एकतर्फी झाला, ४१-७. पण लोक जागचे हलेनात, कारण बेरीज चालू होती. दोन हजाराला १६२ यार्ड हवे होते आणि बार्कली एकेक, दोन-दोन, सात असे जमवत होता. फलकावरचा आकडा वाढला की लोक बोटांवर वजाबाकी करत. चौथ्या सत्रात त्याला चेंडू मिळाला, वाट उघडली आणि तो २३ यार्ड पळाला. दोन हजार पाच. तो उठला तोच फळीतल्या त्या अवाढव्य माणसांच्या गराड्यात. ज्यांच्या नावावर एकही यार्ड चढत नाही, ती माणसं लहान मुलांसारखी नाचत होती. माझ्या शेजारचा दाढीवाला गृहस्थ रडत होता. मलाही आवरलं नाही.

परत येताना गाडीत मी माझ्या सवयीने हिशेब मांडला. दोन हजार पाच यार्ड म्हणजे एक मैल, एक फर्लांग आणि वर पंचवीस यार्ड. निवांत चालायला वीसेक मिनिटं लागतात. हे अंतर त्या माणसाने ३४५ तुकड्यांत कापलं होतं, आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कुणीतरी त्याला जमिनीवर आदळलं होतं. धावेमागे सरासरी ५.८ यार्ड. या खेळात चार पडले तरी लोक चांगलं म्हणतात.

आता एक सामना उरला होता. विक्रमाला १०१ यार्ड हवे होते आणि बार्कलीची त्या वर्षीची सामन्यामागे सरासरी १२५ होती. सामना घरच्या मैदानावर. आणि समोर कोण, तर जायंट्स! त्याला नको म्हणणारा, त्याच्या जाण्याने झोप उडेल म्हणणारा तोच संघ. योग असा जुळून आला होता की कादंबरीकाराने लिहिला असता तर वाचकाने भुवया उंचावल्या असत्या. शहरात दुसरा विषय नव्हता. पोराने मला विचारलं, "आजोबा, तुम्ही कोच असता तर?" मी म्हटलं, मी खेळवलं असतं. त्याची आई म्हणाली, नाही खेळवायचं, आधी ट्रॉफी. त्या रात्री आमच्या घरात दोन पक्ष पडले.

५ जानेवारीला बार्कली मैदानात उतरलाच नाही. प्ले-ऑफमधली, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांमधली, ईगल्सची जागा आधीच पक्की झाली होती. हरले किंवा जिंकले तरी फरक पडणार नव्हता. पडला असता तर एखाद्या घोट्याला, गुडघ्याला. निर्णय प्रशिक्षकांचा होता. पण बार्कलीने हट्ट धरला असता तर शहर त्याच्या बाजूने उभं राहिलं असतं. त्याने धरला नाही. विक्रमाचा आपल्याला फार सोस नाही, असं तो म्हणाला आणि कडेला उभा राहून टाळ्या वाजवत राहिला. राखीव खेळाडूंनी सामना २०-१३ जिंकला.

मी आयुष्यभर माणसांना अर्ध्या गुंठ्यासाठी, कधी वितभर बांधासाठी भावाविरुद्ध उभं राहिलेलं पाहिलं आहे. साखळी ताणली की माणसाचा चेहरा कसा होतो हे मला ठाऊक आहे. इथे १०१ यार्ड जवळपास ओंजळीत होते, चाळीस वर्षांचा मान होता, अपमानाची परतफेड होती, आणि हा माणूस बाजूला झाला. पाठमोऱ्या उडीनेही मी एवढा थक्क झालो नव्हतो.

पुढचे पाच आठवडे त्या विश्रांतीचं मोल दिसलं. १२ जानेवारीला ग्रीन बेविरुद्ध ११९ यार्ड. १९ जानेवारीला रॅम्स पुन्हा समोर आले, या वेळी फिलाडेल्फियात आणि भर बर्फात. उत्तरार्धात टीव्हीवर मैदानाच्या रेषा दिसेनाशा झाल्या होत्या. खेळाडूंची पावलं घसरत होती. एक धाव ६२ यार्डांची होऊन गेली होती. शेवटची पाच मिनिटं उरली असताना बार्कलीने दुसरी घेतली, सरळ ७८ यार्ड, पांढऱ्या मैदानावरून एकटा. त्या दिवशीचे त्याचे २०५ यार्ड झाले आणि संघ २८-२२ असा निभावला. २६ जानेवारीला वॉशिंग्टनविरुद्ध ईगल्सच्या पहिल्याच चालीत तो ६० यार्ड पळून टचडाउन करून मोकळा झाला, ५५-२३. त्या रात्री शहर रस्त्यावर आलं. लोक खांबांवर चढू नयेत म्हणून पोलीस खांबांना तेल फासतात, तरी चढतात. एक अठरा वर्षांचा विद्यार्थी खांबावरून पडला आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. त्या आनंदात ही बातमी बहुतेकांच्या नजरेआड झाली, पण आमच्या घरात त्याच्या नावाने दिवा लागला.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स, सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना. त्याच दिवशी बार्कलीला अठ्ठावीस वर्षं पूर्ण झाली. कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला अडवायचाच विडा उचलला होता. बचावातली माणसं पुढे गोळा करून त्यांनी वाटा बुजवल्या. २५ धावांत त्याला ५७ यार्ड मिळाले, मोजून दोन-दोन, तीन-तीन. पण जी माणसं त्याला अडवायला पुढे आली, त्यांच्या मागे मैदान मोकळं पडलं, आणि क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्‌सने ते वापरलं. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. सामनावीर हर्ट्‌स ठरला. मला विचाराल तर, स्वतः न धावता दुसऱ्याला वाट करून देण्याचं जे काम फळीतल्या पाच जणांनी वर्षभर त्याच्यासाठी केलं, ते त्या रात्री त्याने दुसऱ्यासाठी केलं.

साखळी विसरून नुसती बेरीज करायची झाली, तर नियमित हंगाम आणि प्ले-ऑफ मिळून २५०४ यार्ड. टेरेल डेव्हिसचा १९९८ चा २४७६ चा आकडा मागे पडला, आणि एका वर्षात एवढं कुणीच धावलेलं नाही. मार्चमध्ये ईगल्सने करार वाढवून दिला. वर्षाला सरासरी दोन कोटी डॉलरच्या वर जाणारा तो पहिला रनिंग बॅक. डिकर्सनचे २१०५ मात्र जिथल्या तिथे आहेत.

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन. सप्टेंबर ते जानेवारी तिथे असाल आणि रविवारी दुपारी घरातलं कुणी टीव्हीपुढे बसलं, तर काही कळत नाही म्हणून उठून आतल्या खोलीत जाऊ नका. नातवाला शेजारी बसवा, चार प्रयत्न आणि दहा यार्ड एवढा नियम त्याच्याकडून समजून घ्या, आणि चेंडू सोडून आधी त्या पाच जणांकडे बघा.